घरातल्या सगळ्यात अशक्त माणसापासून मोजा

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया नावाचं चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर आदळलं आणि पुढचे कितीतरी महिने सरकारी आकडा सांगत राहिला की ६४ माणसं गेली. २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी तपासून हिशोब केला, तेव्हा वादळानंतरच्या सहाएक महिन्यांत नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू निघाले २९७५, आणि तो आकडा मग तिथल्या सरकारनेही मान्य केला. म्हणजे ६४ आणि २९७५ यांच्यामधली जवळजवळ २९०० माणसं वादळाच्या हिशोबात कुणी धरलीच नव्हती. हार्वर्डच्या अभ्यासकांनी वेगळं सर्वेक्षण केलं, घराघरात जाऊन विचारलं, त्यात लोकांनी सांगितलेल्या साधारण एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार न मिळणं किंवा उशिरा मिळणं हे कारण होतं. वीज नव्हती, शेवटच्या घरांपर्यंत ती पोचायला जवळजवळ वर्ष लागलं, रस्ते बंद, फोन बंद, आणि ज्यांचं आयुष्य एखाद्या मशीनवर, एखाद्या गोळीवर, फ्रिजमधल्या एखाद्या बाटलीवर चाललं होतं ते वारा थांबल्यावर आठवड्यांनी, महिन्यांनी गेले.

हे वाचल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मांडायलाच हा लेख लिहितोय. आपत्तीसाठी घराची तयारी करायची तर ती घरातल्या सगळ्यात अशक्त माणसापासून मोजायला सुरुवात करावी. धडधाकट माणूस काय करेल हे नंतर बघा, तो काहीतरी करून निभावतो. अंथरुणाला खिळलेले आजोबा, सहा महिन्यांचं बाळ, ऐकू न येणारी मावशी, डायलिसिसवर असलेला भाऊ, गरोदर बाई, ज्याला अनोळखी जागा आणि गोंगाट सहनच होत नाही असं मूल, यांच्यापैकी जो कुणी तुमच्या घरात असेल त्याच्यापाशी बसून प्लॅन करा, आणि त्याच्यासाठी जो प्लॅन चालेल तोच घराचा प्लॅन.

आता नेहमीच्या याद्या बघा. टॉर्च, बॅटरी, रेडिओ, शिट्टी, प्रथमोपचार पेटी, तीन दिवसांचं पाणी, टिकाऊ खाणं, कागदपत्रांच्या कॉपी, थोडी रोख रक्कम. यादी चुकीची नाहीये, हे सगळं हवंच, पण ही यादी कुणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलीय ते बघा ना. जो पाठीवर बॅग टाकून दोन मिनिटांत जिना उतरू शकतो त्याला. पाण्याचंच घ्या. माणशी रोज साधारण ३ ते ४ लिटर असा हिशोब सगळीकडे सांगतात, पिण्यासाठी आणि थोडं स्वच्छतेसाठी. चार जणांच्या घराला तीन दिवसांचे झाले ४८ लिटर. पण घरात अंथरुणावरच सगळं करावं लागणारा माणूस असेल तर त्याला पुसायला, कपडे धुवायला किती लागतं हे त्याची सेवा करणाऱ्यालाच माहीत असतं, आणि यादी लिहिणाऱ्याने बहुधा त्या माणसाला विचारलेलं नसतं. बाळाला वरचं दूध असेल तर बाटल्या उकळायचं पाणी वेगळं. आणि ते ४८ लिटर म्हणजे ४८ किलो झाले, ते उचलून कुणी कुठेही जाणार नाहीये, म्हणजे घरात राहायचा साठा वेगळा आणि बाहेर पडायची बॅग वेगळी हे आधीच ठरवावं लागतं.

कोण मरतं ते बघितलं की मी एवढा आग्रह का धरतोय ते कळेल. २००५ मध्ये कतरिना वादळात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात जे गेले त्यातले जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे होते. २०११ च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं, तिथे मृतांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश साठीच्या पुढचे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावाला वणव्याने गिळलं, ८५ माणसं गेली, बहुसंख्य ६५ च्या वरची. वादळ, समुद्र आणि आग, तीन वेगळ्या आपत्ती, तिन्ही श्रीमंत देशांतल्या जिथे सायरन, मोबाईलवरचे अलर्ट, रस्ते, गाड्या सगळं काही होतं, आणि तरी मेले ते तेच. इशारा मिळाला नाही म्हणून गेले असं यातल्या अनेकांबद्दल म्हणता येत नाही, इशारा मिळाला पण तो पाळायला लागणारे पाय, गाडी, सोबत किंवा वेळ नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-धोके कमी करण्याचं काम बघणाऱ्या कार्यालयाने २०१३ मध्ये जगभरातल्या पाच हजारांहून जास्त अपंग व्यक्तींना विचारलं होतं. अचानक आपत्ती आली तर विनाअडचण लगेच बाहेर पडू शकू असं म्हणणारे होते २० टक्के. स्वतःसाठी कसलाही प्लॅन नाही असं सांगणारे ७१ टक्के. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा विचारलं तर प्लॅन नसणारे ८४ टक्के. इतक्या परिषदा, इतक्या घोषणा होऊन आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं आणि रागही येतो.

तर घरात बसून करायचं काय, याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण खरी गंमत, म्हणजे खरा कस, इथेच आहे.

पहिला प्रश्न असा विचारा की रात्री तीन वाजता, लाईट गेलेले असताना, घरातला सगळ्यात ताकदवान माणूस बाहेरगावी असताना, कोण कुणाला उचलणार? हा प्रश्न मुद्दाम वाईटात वाईट करून विचारायचा कारण आपत्ती सोय बघून येत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला झाला, जपानमधल्या कोबेचा १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ ला, तुर्कस्तानचा ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४:१७ ला. माणसं अंथरुणात होती. लिफ्ट भूकंपात आणि आगीत वापरायची नसते आणि वीज गेली की ती तशीही बंदच. मग तिसऱ्या मजल्यावरून व्हीलचेअरवाल्या माणसाला खाली कसं आणणार? दोन माणसांनी खुर्चीवर बसवून? जाड चादरीत घेऊन? जिन्याच्या वळणावर चादर वळते का? हे एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि करून बघितलं की बऱ्याचदा असं निघतं की दोघांना जमत नाही, तीन माणसं लागतात, म्हणजे तिसरा माणूस शेजारच्या घरातला हवा आणि त्याला हे आधी माहीत हवं. ज्याला उचलायचंय त्यालाही विचारा. कुठे धरलं की दुखतं, कुठे आधार लागतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि घाईत कुणी विचारत नाही.

दुसरं, घरातलं काय काय विजेवर जगतं याची यादी. मोबाईल आणि टीव्ही सोडा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन, हवेची गादी, फ्रिजमधलं इन्सुलिन, चार्ज करावी लागणारी व्हीलचेअर. घरातला कॉन्सन्ट्रेटर मोबाईलच्या साध्या पॉवर बँकवर चालत नाही, त्याला भरलेला सिलेंडर जोडीला लागतो आणि तो किती तास पुरतो हे डॉक्टरांनी सांगितलेल्या दर मिनिटाच्या लिटरप्रमाणे आधी काढून सिलेंडरवरच चिकटवून ठेवावं. इन्सुलिनबद्दल लोक खूप घाबरतात, पण उघडलेली आणि वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, फक्त फार तापू द्यायचं नाही आणि बर्फाला थेट चिकटवून गोठवायचं तर अजिबात नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. नेमकं किती दिवस आणि किती तापमान ते पाकिटातल्या कागदावर असतं, तो कागद जपून ठेवा. डायलिसिसवाल्यांनी आपल्या डॉक्टरकडून आधीच लिहून घ्यावं की एखादी पाळी चुकली तर पाणी किती कमी करायचं, पोटॅशियम जास्त असलेलं काय काय टाळायचं, आणि जवळचं सेंटर बंद पडलं तर दुसरं कुठलं. हे त्या दिवशी विचारायला डॉक्टरचा फोन लागणार नाही.

आणि छोट्या वस्तू, ज्या कुठल्याच यादीत नीट येत नाहीत. जुना चष्मा टाकून देऊ नका, बॅगेत ठेवा. श्रवणयंत्राचे सेल. कवळीची डबी. काठी पलंगाला बांधलेली, म्हणजे हादऱ्यात ती खोलीभर सरकणार नाही. पलंगापाशी जाड तळाच्या चपला किंवा बूट, कारण भूकंपानंतर अंधारात फुटलेल्या काचांवर पाय पडून जखमी होणारे खूप असतात, आणि ज्याला मधुमेह आहे त्याच्या पायाला झालेली जखम म्हणजे पुढचे कितीतरी आठवडे त्रास. औषधांची नावं, डोस, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरचं नाव हे सगळं कागदावर, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकमध्ये घालून. फोनमध्ये पण ठेवा हवं तर, पण फोन बंद पडतो. ज्याला विसरण्याचा आजार आहे त्याच्या खिशात कायम एक चिठ्ठी हवी, गर्दीत हात सुटला तर तो माणूस स्वतःचं नाव सांगू शकेलच असं नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो कारण त्या माहीत असतात. स्वच्छ दिसणारं पण खात्री नसलेलं पाणी एक मिनिट खळखळून उकळायचं, उंच डोंगरावर तीन मिनिटं. उकळता येत नसेल तर वास नसलेलं, ५ ते ६ टक्क्यांचं साधं क्लोरीन ब्लीच लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. जनरेटर घरात, व्हरांड्यात किंवा खिडकीखाली कधीच नाही, घरापासून निदान ६ मीटर लांब, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि झोपेत मारतो. गॅसचा वास आला की स्विचला हात लावायचा नाही. फोन लागत नसेल तर एसएमएस जातो बऱ्याचदा, आणि लांबच्या गावातला एक नातेवाईक ठरवून ठेवायचा ज्याला सगळ्यांनी आपली खबर द्यायची.

पण पुराबद्दल थांबून बोलायला हवं कारण तिथे अशक्त माणसाचा हिशोब फारच क्रूर होतो. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं, ३० सेंटिमीटर छोटी गाडी वाहून नेऊ शकतं, ६० सेंटिमीटर बहुतेक मोठ्या गाड्या. आता पाठीवर आई घेऊन त्यातून चालणारा माणूस डोळ्यासमोर आणा. म्हणजे ज्या घरात असा माणूस आहे त्या घराने पाणी दिसायच्या आत निघायला हवं, आणि "बघू, वाढलं तर निघू" हे वाक्य त्या घरात बोलायचंच नाही. शेजारच्या घराला निघायला वीस मिनिटं लागत असतील आणि तुम्हाला दोन तास, तर तुमचा इशारा त्यांच्या इशाऱ्याच्या बराच आधी वाजायला हवा. जपानने नेमकं हेच सरकारी पद्धतीत बसवलंय. तिथे पूर आणि दरडींसाठी धोक्याच्या पाच पातळ्या आहेत आणि तिसऱ्या पातळीचा अर्थच असा आहे की म्हाताऱ्या आणि हळू चालणाऱ्या माणसांनी आता निघा, बाकीच्या सगळ्यांसाठी चौथी पातळी. एवढी साधी गोष्ट. अशक्तांसाठी वेगळी वेळ. मला कळत नाही की हे प्रत्येक देशात का नाही, याला ना मोठं तंत्रज्ञान लागतं ना मोठा खर्च, लागतं ते फक्त इशारा लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो माणूस असणं.

आता माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो हलका नाहीये. लोक म्हणतात की अशक्तासाठी थांबलं तर दोघंही मरतात. खरं आहे हे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की मोठा भूकंप झाला की त्सुनामी येऊ शकते, कुणाची वाट बघू नका, जो तो ज्याच्या त्याच्या पायाने उंचावर पळा. २०११ मध्ये कामाइशी शहरात शाळेतल्या पोरांनी तेच केलं, मोठी मुलं धावत सुटली, वाटेत लहान शाळेतल्या मुलांचे हात धरले, आणखी वर, आणखी वर असं करत गेली, शहरातली जवळजवळ ३००० शाळकरी मुलं त्यातून वाचली. आणि त्याच आपत्तीत २५० च्या आसपास स्वयंसेवक अग्निशामक गेले, घरोघरी मदत करणारे ५६ वस्तीसेवक गेले, यातले अनेक जण समुद्राचं पाणी अडवणारे दरवाजे बंद करताना, म्हाताऱ्यांना हलवताना, लोकांना हाका मारताना गेले. यांना कुणी मूर्ख म्हणू शकत नाही, पण त्यांच्यावर तो प्रसंग का आला याचा विचार करायला हवा. कारण उचलायचं काम शेवटच्या वीस मिनिटांसाठी शिल्लक राहिलं होतं.

माझं म्हणणं असं की पळताना थांबू नका हा नियम तेव्हाच माणुसकीचा ठरतो जेव्हा न पळू शकणाऱ्याची सोय आधी झालेली असते. तो किनाऱ्याच्या सखल भागात तळमजल्यावर का झोपतो? त्याचा पलंग वरच्या मजल्यावर जाऊ शकतो का, किंवा तो उंचावरच्या मुलीकडे राहायला जाऊ शकतो का? त्याला नेणारे ठरलेले दोघे कोण आणि त्यांना त्यांच्या घरापासून इथे यायला किती वेळ लागतो, आणि लाट त्याआधी येणार असेल तर तो प्लॅन कागदावरच मेलेला आहे, दुसरा शोधा. नातवाला माहीत असेल की आजीला नेणारी माणसं ठरलेली आहेत तर तो शाळेतून उलटा घराकडे धावणार नाही. आजीचा प्लॅन हा नातवाचाही जीव वाचवतो, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

भूकंपात वेगळं. तिथे इशाराच नसतो, त्यामुळे सगळी भिस्त इमारतीवर. किल्लारीला भूकंप फार प्रचंड नव्हता, साधारण ६.२ चा, पण दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर, आठ ते दहा हजार माणसं त्याखाली गेली. अशा घरात टॉर्च आणि शिट्टी ठेवून काही होत नाही हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे, आणि जो कुणी घरोघरी तयारीचं सांगत फिरतो त्याने हे आधी सांगावं. घर मजबूत नसेल तर निदान सगळ्यात हळू हलणाऱ्या माणसाचा पलंग सगळ्यात सुरक्षित खोलीत हवा, बाहेरच्या दारापासून जवळ, वर फळी नाही, बाजूला उभं कपाट नाही. कोबेत ६४०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक कोसळलेल्या घरांत आणि पडलेल्या फर्निचरखाली चिरडून. कपाट भिंतीला पट्टीने बांधणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसाला आतली, अडचणीची, सामानाची खोली मिळते, आणि त्यावर बोलायला कुणाला आवडत नाही पण बोलायला हवं, ती खोली बदला.

कोबेचीच आणखी एक गोष्ट. ढिगाऱ्यात अडकलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी, पथकं पोचायच्या आधी. आणि अवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं, भूकंपाच्या केंद्राजवळच, तिथे लोकांना एकमेकांच्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हेसुद्धा माहीत होतं, म्हणून कुठे खणायचं ते कळलं, शेकडो माणसं बाहेर काढली आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येकाचा पत्ता लागला. शेजाऱ्याला तुमच्या आजीची खोली माहीत असणं ही सुद्धा तयारी आहे, आणि तिला शून्य खर्च आहे. शहरांत आपण याच्या उलट दिशेने जातोय, दाराला दार लागून राहणाऱ्याचं नाव माहीत नसतं.

मग लोक म्हणतात, हे सगळं घरावर कशाला ढकलता, सरकार कशासाठी आहे? आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सरकारवर अवलंबून राहू नका, आपलं आपण बघा. मला दोन्ही अर्धवट वाटतात. भाड्याच्या घरात राहणारा माणूस खांब बदलू शकत नाही. रोज कमावून रोज खाणारा महिन्याची जास्तीची औषधं घेऊन ठेवू शकत नाही, आणि पैसे असले तरी बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीवरची औषधं ठरलेल्या दिवसांच्या वर मिळतच नाहीत. म्हणजे "सात दिवसांची औषधं जास्त ठेवा" हा सल्ला द्यायचा आणि ती घेता येतील असा नियम करायचा नाही, याला काय अर्थ आहे? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आणीबाणीत औषधवाल्याला नव्या चिठ्ठीशिवाय काही दिवसांचं औषध द्यायची मुभा आहे. ती सगळीकडे हवी, आणि शक्यतो वादळ यायच्या आधी लागू व्हायला हवी, नंतर दुकानच वाहून गेलेलं असतं.

घराच्या आतही एक सत्तेचा प्रश्न आहे ज्याबद्दल तयारीच्या पुस्तिका गप्प असतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात चक्रीवादळ आलं, १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली. २० ते ४४ वयाच्या बायकांमध्ये हजारी ७१ मृत्यू आणि त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हजारी १५. तरण्याताठ्या बायका होत्या या, शरीराने अशक्त नव्हत्या. पण कडेवर मूल, हातात म्हातारी सासू, पोहता येत नाही, घर सोडायचं का हे ठरवायचा हक्क नाही, नवरा येईपर्यंत थांबायचं, आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत जायची भीती. अशक्तांना सांभाळणारी व्यक्ती ही स्वतःच संकटात सगळ्यात अडकलेली असते. म्हणून निघायचा निर्णय कोण घेणार हे आधी ठरवा, आणि तो हक्क त्या वेळी घरात जी असेल तिलाच असला पाहिजे, कुणाला फोन न लावता. बांगलादेशने पुढे निवारे वाढवले, बायकांसाठी वेगळी सोय केली, इशारा देणारे ७० हजारांहून जास्त स्वयंसेवक उभे केले ज्यात आज निम्म्या बायका आहेत, आणि २०२० च्या अम्फान वादळाच्या वेळी तिथे वीस लाखांहून जास्त लोक हलवले, मृत्यू काही डझनांवर राहिले. गरीब देशाने केलंय हे.

आणि बाहेर काढलं की संपलं असंही नाही. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राजवळच्या एका हॉस्पिटलमधल्या म्हाताऱ्या रुग्णांना घाईघाईने बसमधून तासन्‌तास नेलं, त्या प्रवासात आणि त्यानंतर चाळीसच्या आसपास गेले. फुकुशिमा प्रांतात नंतरच्या हालांमुळे, जागा बदलत राहण्यामुळे, उपचार तुटल्यामुळे झालेले मृत्यू २३०० च्या वर नोंदलेत, म्हणजे भूकंप आणि लाटेने थेट मेलेल्यांपेक्षा जास्त. जपानमधल्या कुमामोतोच्या २०१६ च्या भूकंपात थेट ५० गेले आणि नंतर त्याच्या चौपट, कितीतरी लोक दिवसेंदिवस गाडीत झोपत होते, पाय दुमडून बसून रक्ताच्या गुठळ्या झाल्या. तेव्हा घराच्या प्लॅनमध्ये "कुठे जायचं" हे लिहिताना "तिथे आजोबा किती दिवस राहू शकतात" हेही लिहा. संडास कसा आहे, जमिनीवरून उठता येईल का, औषध कुठे थंड राहील, रात्री कुणी जवळ असेल का. शाळेच्या हॉलपेक्षा उंचावर राहणाऱ्या मित्राचं घर कधीकधी फार बरं असतं, पण त्या मित्राला आज विचारून ठेवावं लागतं. संडास लांब आणि घाण असला की म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, आणि मग आजारी पडतात, हे प्रत्येक निवाऱ्यात होतं.

सरकारने करायची गोष्ट मला एकच सांगायची झाली तर ती म्हणजे नावनिशीवार यादी आणि प्रत्येक नावासमोर माणूस. जपानमध्ये २०१३ पासून कायद्याने स्थानिक संस्थांना अशी यादी करणं बंधनकारक आहे की कुणाला बाहेर पडायला मदत लागेल, आणि २०२१ पासून अशा प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा प्लॅन करायचा प्रयत्न करणं हे त्यांचं कर्तव्य मानलंय. यावर एक रास्त शंका येते की एकटी राहणारी म्हातारी माणसं कुठे राहतात याची यादी चुकीच्या हातात गेली तर? ही भीती खोटी नाही. म्हणून संमती घेऊन, आणि प्रत्येक मदतनीसाला फक्त त्याच्या वाट्याची दोन-तीन नावं, पूर्ण यादी कुणाच्याच फोनवर फिरायला नको. आणि वर्षातून एकदा त्या मदतनीसाने खरोखर त्या घरी जाऊन, त्या माणसाला खरोखर उठवून, जिन्यापर्यंत तरी नेऊन बघावं. सराव करताना म्हाताऱ्यांना आणि अपंगांना "तुम्ही बसा, तुम्हाला त्रास नको" असं म्हणून वगळतात, ते आधी बंद व्हायला हवं, नाहीतर सराव झाला तो ज्यांना गरज कमी त्यांचाच.

यादी होईपर्यंत वाट बघत बसू नका मात्र. तुमच्या घरात असा माणूस असेल तर आजच दोन शेजाऱ्यांना घरी बोलवा, त्याची खोली दाखवा, कुठे धरायचं ते त्याच्याच तोंडून ऐकवा, किल्ली कुठे असते ते सांगा. आणि तुमच्या घरात नसेल तर वरच्या-खालच्या मजल्यावर कोण आहे ते विचारून या आणि त्यांच्या जिन्यावरचे दोघे किंवा तिघे कमी पडत असतील तर तुमचं नाव द्या.